गिऱ्हाईक तेच, पिशवी हलकी : डिचोली तालुक्यातल्या एका वाणसामानाच्या दुकानाचे प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका बाजारपेठेतल्या वाणसामानाच्या दुकानाचे आहे. या दुकानाचे हिशेब आणि कराचे काम मी २००९ पासून पाहतो. दुकानदार कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, काही तपशील गाळले आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत. बाकी जे घडले ते तसेच आहे, आमच्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

दुकान सुमारे सहाशे चौरस फुटांचे, जागा स्वतःची, वर माळा, तोच गोदाम. मालकांना सगळा बाजार भाऊ म्हणतो. दुपारनंतर गल्ल्यावर त्यांच्या पत्नी बसतात, त्या सगळ्यांच्या वहिनी. मुलगा वाणिज्य पदवीधर, २०२१ पासून दुकानात. कॉम्प्युटरवर बिल करायची पद्धत त्यानेच आणली. हाताखाली दोन कामगार, त्यातला एक वीस वर्षांपासूनचा.

या दुकानाची गोष्ट खाणींशिवाय सांगता येत नाही. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या. मध्यंतरी काही सुरू झाल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा ठप्प झाले. आमच्या तालुक्यात घरटी कोणी ना कोणी खाणीशी बांधलेले होते : ट्रकमालक, ड्रायव्हर, गॅरेजवाला, चहाचा गाडा चालवणारा. दारात ट्रक उभा आणि डोक्यावर बँकेचा हप्ता, अशा कितीतरी घरांना भाऊंनी त्या वर्षांत तांदूळ-डाळ खात्यावर दिली. ती खाती मी स्वतः पाहिली आहेत. बहुतेकांनी फेडली, काहींनी चार-पाच वर्षे लावली, पण फेडली. त्यामुळे या दुकानात उधारी ही रकमेपेक्षा मोठी गोष्ट आहे. मुलाला आणि मलाही ते पुरते कळले नव्हते. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

२०२४ मध्ये डिचोलीत खाण पुन्हा चालू झाली. दुकानाच्या गल्ल्यात मात्र जुना ट्रकवाल्यांचा पैसा परतलेला नाही.

अडचण

२०२२-२३ मध्ये दुकानाची सरासरी विक्री महिन्याला ९.८ लाख रुपये होती. २०२४-२५ च्या पहिल्या सहामाहीत ती १०.२ लाख झाली. कागदावर वाढ दिसते. पण या काळात डाळी, मसाले, भाजीपाला, सगळेच महागले होते. विक्री चार टक्क्यांनी वाढली आणि भाव त्याहून अधिक, याचा अर्थ दुकानातून प्रत्यक्षात कमी माल बाहेर जात होता.

हे लक्षात आले ते चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. आमच्याकडे वर्षाचा खरा धंदा तेव्हाच. नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) रवा, साखर, सुके खोबरे, तूप, पाहुण्यांसाठी शीतपेये, आरतीसाठी कापूर, अगरबत्ती. भाऊंनी नेहमीप्रमाणे तीन लाखांचा जादा माल भरला. रवा, साखर, गूळ गेले. शीतपेये, तयार मिठाईची खोकी आणि महागड्या अगरबत्त्या माळ्यावर परत गेल्या. वहिनी म्हणाल्या, “माटोळी सगळ्यांनी बांधली, पण डबे लहान झाले.” (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची सजावट.)

चवथ आटोपली आणि आठवड्यात तेलाचा दणका बसला. १४ सप्टेंबरपासून केंद्राने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले. कच्च्या तेलावर एकूण साडेपाच टक्क्यांचे साडेसत्तावीस झाले. ऑक्टोबरात देशातली अन्नधान्याची महागाई १०.८७ टक्क्यांवर गेली. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये आणि त्यातला ४७ टक्के अन्नावर. ज्या घरात निम्मा पैसा जेवणावर जातो, तिथे जेवण महागले की कात्री साबण, बिस्किटे, शाम्पू यांना लागते. दुकानदाराला नफा देणारा मालही बहुतेक तोच असतो.

ऑक्टोबरात भाऊंनी मला बोलावले. दुकानात १४ लाखांचा माल होता, म्हणजे पंचेचाळीस दिवसांचा. गावात ४.६ लाखांची उधारी. बँकेचे कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे काढायचे खेळते कर्ज, सहा लाखांपर्यंत ओढलेले, व्याज साडेदहा टक्के. ढोबळ नफा साडेनऊ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे ९७ हजार. त्यातून दोन पगार, वीज, व्याज, कर, हमाली जाऊन तिघांच्या राबण्याला उरत होते छत्तीस-सदतीस हजार.

पहिला निर्णय : नेमके काय झाले आहे?

मुलाचे ठाम मत होते की गिऱ्हाईक म्हापसा-पर्वरीच्या मोठ्या दुकानांत जाते. भाऊंचे मत, “लोकांकडे पैसाच नाही.” दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, पण दोन्हींतून निघणारी वाट वेगळी. गिऱ्हाईक पळाले असेल तर दुकान सजवायला हवे. गिऱ्हाईक इथेच असून हात आखडत असेल, तर सजावटीवर पैसा घालणे घातक.

उत्तर दुकानातच पडून होते. तीन वर्षांची बिले कॉम्प्युटरमध्ये होती आणि कोणी उघडून पाहिली नव्हती. मीही नाही. मी वर्षाला एकदा विक्रीचा आकडा घ्यायचो आणि विवरणपत्र भरायचो. दोन संध्याकाळी बसून आम्ही बिले मोजली. २०२२-२३ मध्ये दिवसाला सरासरी ११८ बिले, प्रत्येकी २७७ रुपयांची. आता दिवसाला १३१ बिले, प्रत्येकी २६० रुपयांची.

बिले वाढली होती! माणसे अधिक वेळा येत होती आणि प्रत्येक वेळी कमी नेत होती. महिन्याची यादी देणारी घरे ६४ वरून ४१ वर आली होती. वहिनींनी त्या यादीवर बोट ठेवून एकेक घर सांगितले. तेवीसपैकी सहा-सात घरे खरोखर महिन्यातून एकदा गाडी काढून मोठ्या दुकानात जातात. पाच लिटरचे तेल आणि कपड्यांच्या पावडरीची मोठी पिशवी तिथून आणतात. बाकीची इथेच येतात, पण आठवड्याला. पावकिलो तूरडाळ, पाव किलो रवा, दहाची पुडी. गृह आधार या सरकारी योजनेचे दीड हजार खात्यात आले की त्या दोन दिवसांत थोडे जास्त.

या मोजणीने आमच्या बोलण्याचा रोखच बदलला. तो महिना बिले मोजल्याशिवाय गेला असता, तर मला वाटते दुकान आज कर्जात असते.

कोणते पर्याय होते

मुलाच्या मनात होते ते मिनीमार्ट : काउंटर काढायचा, रॅक लावायचे, एसी, गिऱ्हाइकाने हाताने माल घ्यायचा. खर्च बारा लाख, बहुतेक कर्जाने. तो पोरखेळ नव्हता. हाताने माल घेता आला की माणूस दोन वस्तू जास्त उचलतो हे खरेच आहे. पण आमची मोजणी सांगत होती की माणसे दोन वस्तू कमी घ्यायच्या ठरवूनच येत आहेत. बारा लाखांचा हप्ता आणि वाढलेले वीजबिल उचलायला जी विक्री लागली असती, ती या गावात दिसत नव्हती. मुलाला हे पटायला महिना लागला. अजूनही पूर्ण पटले आहे असे मी म्हणणार नाही.

दुसरा पर्याय, मोठ्या दुकानांशी भावात बरोबरी. तो डिसेंबरात बारा वस्तूंवर सहा आठवडे करून पाहिला. विक्री किंचित वाढली, नफा त्याहून जास्त घटला. साखर, मीठ आणि एक तेल एवढ्या तीन वस्तूंवर तो थांबवला.

तिसरा, उधारी बंद. चौथा, माल कमी करून पैसा मोकळा करायचा आणि लोक ज्या मापाने घेतात त्या मापाने द्यायचे. शेवटी चौथा मुख्य धरला, पण तिसरा आधी करून बसलो.

उधारीचा फलक

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाने काउंटरवर फलक लावला : “उधार बंद आहे.” मी सल्ला दिला होता, तेव्हा दोष त्याच्या एकट्याचा नाही. ४.६ लाख अडकलेले आणि बँकेला साडेदहा टक्के व्याज, हिशेबाच्या वहीत दुसरे उत्तर दिसत नव्हते.

चौथ्या दिवशी एक बाई आल्या. नवऱ्याचा ट्रक होता, तो २०१८ नंतर विकावा लागला. पुढे नवराही गेला. त्यांचे जुने मोठे येणे त्यांनी कधीच चुकते केले होते. आता खात्यावर फक्त २,३०० रुपये होते. त्यांनी पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले आणि कोकणीत एवढेच म्हणाल्या, “म्हजें खातें बंद कर.” वहिनींनी बसायला सांगितले, त्या थांबल्या नाहीत.

पंधरा दिवसांत अकरा घरांनी येणे थांबवले. आम्ही यादी काढली तेव्हा दिसले की अकरांपैकी आठ नियमित फेडणारी होती. बुडवणाऱ्यांना फलकाचे काहीच वाटले नाही. त्यांनी जुने येणे तसेच ठेवले आणि रोखीने दुसरीकडे खरेदी सुरू केली. फलक लागला सगळ्यांसाठी आणि लागला प्रामाणिक माणसांना.

भाऊंनी एका सकाळी न बोलता फलक काढला. त्यानंतर वहिनींनी जो नियम सुचवला तोच आजही चालतो. प्रत्येक घराची मर्यादा ठरलेली, घराच्या आवकेप्रमाणे, आणि ती त्या घराशी बोलून ठरवलेली. पगार किंवा पेन्शन ज्या तारखेला येते त्यानंतर चार दिवसांत खाते साफ. जुने थकलेले येणे वेगळ्या पानावर काढले. त्याचा दोनशे-पाचशेचा हप्ता. नव्या खरेदीत ते मिसळायचे नाही, म्हणजे माणसाला दुकानात यायला संकोच वाटत नाही. वहिनी स्वतः अकराही घरी गेल्या. सात परत आली, चार आली नाहीत. खाते बंद केलेल्या बाई त्या चारांत आहेत.

माल आणि माप

मालाचे काम जास्त रुक्ष, पण पैसा तिथेच सुटला. दुकानात सुमारे १,९०० प्रकारच्या वस्तू होत्या. सत्तर टक्के विक्री त्यातल्या तीनशेच्या आसपास वस्तूंची. उरलेल्यांत एकाच शाम्पूचे सहा वास, चार कंपन्यांचे तेच बिस्किट, आणि सेल्समनच्या आग्रहाखातर घेतलेली बरीच नवी उत्पादने.

स्कीमचा हिशेब आम्ही नीट मांडला. बारा खोक्यांवर एक फुकट म्हणजे पावणेआठ टक्के. तो माल चार महिने पडला तरी बँकेचे व्याज साडेतीन टक्के. म्हणजे नुसत्या व्याजाने पाहिले तर स्कीम फायद्याचीच, आणि भाऊ इतकी वर्षे चुकत नव्हते. पण मुदत संपलेला माल सगळेच डिस्ट्रिब्युटर परत घेत नाहीत. शिवाय स्कीममध्ये पैसा अडकला की तांदळाच्या घाऊक व्यापाऱ्याला रोख देऊन मिळणारी सूट हातची जाते. तेलाचे भाव चढणार अशी कुणकुण सप्टेंबरात लागली होती, तेव्हा दोन डबेसुद्धा जादा घ्यायला पैसा नव्हता, कारण तो शीतपेयांच्या रूपाने माळ्यावर होता. चढत्या बाजारात स्कीम माल खपवते; थंड बाजारात ती दुकानदाराच्या माळ्याला कंपनीचे गोदाम करते. नियम असा केला : महिन्याभरात खपेल तेवढीच स्कीम. सेल्समन लोक नाराज झाले, दोघांनी येणे कमी केले. त्यांचा माल आता आठवड्याला थोडा थोडा येतो.

मापाच्या बाबतीत मुलाची कल्पना चांगली होती : डाळी, रवा, पोहे यांच्या पाव किलोच्या पिशव्या आधीच भरून, लेबल लावून ठेवायच्या, म्हणजे गर्दीत वेळ वाचेल. इथे मी आडवा आलो. आधी बांधून लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर १८ जुलै २०२२ पासून जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. शिवाय आधी बांधून विकायचे तर वजनमापे खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी आणि पाकिटावर सगळा तपशील. म्हणून दुसरा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि गिऱ्हाइकासमोरच वजन करून द्यायचे ठरले. सुट्या डाळीत नफाही पाकिटापेक्षा बरा. खाद्यतेल सुटे विकता येत नाही, तिथे अर्ध्या लिटरच्या पिशव्या वाढवल्या. पन्नास ग्रॅम जिरे मागायला लाजणारी माणसे होती. काट्याशेजारी “हवे तेवढे घ्या” अशी पाटी लागल्यावर ती मोकळेपणाने मागू लागली.

स्थानिक माल वाढवला : उखडे तांदूळ, सोलां (वाळवलेली कोकमे), गावातल्या महिला बचत गटाचे पापड आणि लोणची. यात नफा पंधरा टक्क्यांच्या पुढे आहे आणि मोठ्या दुकानाच्या भावाशी तुलना होत नाही.

त्यातूनच पुरुमेंताची कल्पना निघाली. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी; त्यासाठी मे महिन्यात एकदम चार-पाच हजार काढणे लोकांना जड जाते. मार्चपासून घराने आपली यादी द्यायची, आठवड्याला दोनशे रुपये भरायचे, मेमध्ये मिरची, चिंच, सोलां, तांदूळ उचलायचे. लोकांकडून पैसे गोळा करणे म्हटले की माझे कान उभे राहतात. म्हणून प्रत्येकाची वस्तूंची यादी लिहून घेतली, व्याज किंवा बक्षीस काही नाही, पावती प्रत्येक वेळी, आणि तीन महिन्यांत मालाने फेड. बत्तीस घरांनी नाव दिले.

आणि २०२५ चा पाऊस लवकर आला. २४ मे ला तो केरळात पोचला आणि लगोलग गोव्यात. त्याआधीच्या आठवड्यातही सरी चालूच होत्या. कोकमे उन्हात पडून सोलां व्हायच्या वेळी आभाळ भरलेले. मिरची आम्ही एप्रिलमध्ये घेतली होती, ती वाचली. सोलांची मागणी निम्मीसुद्धा पुरवता आली नाही. भाऊंनी उरलेले पैसे प्रत्येकाला रोख परत केले. कोणाला दुसरा माल घ्या म्हटले नाही. त्या दिवसांत मला धाकधूक होती, पण चवथीच्या यादीसाठी बत्तीसची एकेचाळीस घरे झाली.

परिणाम

२०२५ च्या एप्रिल ते नोव्हेंबरात सरासरी मासिक विक्री १०.६ लाख. वाढ जेमतेमच आहे, आणि ती तशीच राहील असे धरून आम्ही चालतो. ढोबळ नफा मात्र साडेनऊवरून ११.२ टक्क्यांवर गेला, म्हणजे महिन्याला सुमारे १ लाख १९ हजार. माल १४ लाखांवरून ८.७ लाखांवर, अठ्ठावीस दिवसांचा. उधारी २.९ लाख, त्यातली १.१ लाख जुन्या पानावरची. मोकळ्या झालेल्या सात लाखांतून साडेचार कॅश क्रेडिटमध्ये भरले, दोन लाखांनी घाऊक व्यापाऱ्यांचे देणे उतरवले, उरलेल्यात काटा आणि रॅक. दोन्ही कामगार कामावर आहेत. पगार कापायचा विचार भाऊंनी एकदाही मांडू दिला नाही.

कमी मालाचा एक फायदा आम्ही योजलेला नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकासाठी ही चांगलीच गोष्ट. पण हे दुकान जीएसटीच्या छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कम्पोझिशन योजनेत आहे. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. जुना माल १८ टक्के कर भरून आणलेला आणि गिऱ्हाईक नव्या भावाने मागणार, त्यामुळे किमतीतली अकरा टक्क्यांची घट थेट खिशातून. त्या दिवशी दुकानात असा माल १.६ लाखांचा होता. आदल्या वर्षी याच सुमाराला तो चार लाखांच्या वर होता. फटका पंचेचाळीस हजारांऐवजी सतरा-अठरा हजारांचा बसला, आणि त्यातला काही भाग डिस्ट्रिब्युटरांनी भरून दिला.

वेगळे काय करता आले असते

बिलांची मोजणी २०२३ मध्येच व्हायला हवी होती. ती माझी जबाबदारी होती असे मी मानतो. आता दर तिमाहीला तीन आकडे मी स्वतः मागतो : रोजची बिले, सरासरी बिल, माल किती दिवसांचा.

फलकाऐवजी आधी खातेवही उघडून कोण फेडतो आणि कोण नाही हे पाहिले असते, तर चार घरे गेली नसती. दोन तासांचे काम होते. वहिनींना विचारले असते तर दहा मिनिटांचे. निर्णयाच्या बैठकीत आम्ही तिघे पुरुष होतो आणि त्या गल्ल्यावर होत्या, ही त्यातली खरी चूक.

पुरुमेंताच्या यादीत हवामानावर अवलंबून असलेला माल आणि बाकीचा माल वेगळा ठेवायला हवा होता. येत्या वर्षी सोलां आगाऊ यादीत घेणार नाही.

एक निर्णय अजून बाकी आहे. शेजारचा गाळा रिकामा झाला आहे, भाडे महिना अठरा हजार. मुलाला तिथे हाताने माल घ्यायचा छोटा विभाग हवा आहे आणि या वेळी कर्ज न काढता तो होऊ शकतो. भाड्यापुरता नफा सुटायला महिन्याला १.६ लाखांची जादा विक्री लागेल. गेल्या तीन वर्षांत मिळून वाढली ती ८० हजार. गाळेमालकाने फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली आहे. या खेपेच्या बैठकीला वहिनी आहेत.